वेणीफणीचे तास : कृष्णवर्णीय साहित्यातील केस आणि कष्ट

आफ्रिकी वंशाच्या लेखक-लेखिकांच्या साहित्यात केस वारंवार येतात आणि त्या साहित्यावरच्या समीक्षेत ते फार लवकर प्रतीक होऊन बसतात. सरळ केलेले केस म्हणजे गोऱ्यांचे अनुकरण आणि न्यूनगंड. आहेत तसे राखलेले केस म्हणजे अस्मिता आणि बंड. हे समीकरण खोटे नाही. पण ते इतके हाताशी असते की कादंबरीत केसांचा उल्लेख आला की वाचक ते मांडतो आणि पान उलटतो. मधे जे घडलेले असते ते निसटून जाते. कोणीतरी कोणाच्या तरी मागे कंगवा घेऊन बसलेले असते, तास उलटतात, मान अवघडते, गप्पा रंगतात, मधेच डोळ्यांत पाणी येते. मला या मधल्या तासांविषयी लिहायचे आहे. या साहित्यातले केस सरळ आहेत की कुरळे, एवढ्याने त्यांचा अर्थ लागत नाही. त्यांची निगा कोण राखते, कोणाच्या हातांनी आणि कोणाच्या वेळात, हे पाहिले की तो लागू लागतो, असे माझे म्हणणे आहे.

प्रतीकाची घाई किती महागात पडते हे अँजेला डेव्हिस यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. १९७० साली अमेरिकी पोलीस त्यांच्या मागावर होते तेव्हा त्यांचे छायाचित्र देशभर लागले. चेहऱ्याभोवती गोल वलयासारखे केस, म्हणजे ज्याला 'अॅफ्रो' म्हणतात ते, त्या छायाचित्रामुळे जगभर पोहोचले. १९७२ मध्ये त्या निर्दोष सुटल्या. पुढे विद्यापीठांत शिकवत राहिल्या, तुरुंगव्यवस्थेवर पुस्तके लिहीत राहिल्या. तरीही दोन दशकांनंतर नवी पिढी त्यांना ओळखत होती ती केसांवरून. १९९४ च्या एका निबंधात त्यांनी याबद्दलची खंत मांडली आहे. मुक्तीच्या राजकारणाची फॅशन झाली, हा त्यांचा एक मुद्दा. दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. डेव्हिस यांचा शोध चालू असताना तसेच केस राखणाऱ्या कितीतरी अनोळखी कृष्णवर्णीय स्त्रियांना पोलिसांनी अडवले आणि छळले. छायाचित्र स्मरणात राहिले, त्या स्त्रिया राहिल्या नाहीत. प्रतीक असेच चालते. ते एका डोक्यावर प्रकाश टाकते आणि बाकीची डोकी अंधारात ठेवते.

निगा म्हणजे काय काम?

हे साहित्य वाचण्याआधी त्या केसांची घडण थोडी समजून घेतली पाहिजे, कारण लेखिका ती गृहीत धरतात. आफ्रिकी वंशाच्या बहुतेक लोकांचा केस त्वचेतल्या वळलेल्या मुळातून येतो आणि स्प्रिंगसारखी वेटोळी घेत वाढतो. आडवा छेद घेतला तर तो गोल नसतो, चपटा, लंबगोल असतो. टाळूतून पाझरणारे तेल सरळ केसावरून घरंगळत टोकापर्यंत जाते. इथे मात्र प्रत्येक वळणावर ते अडते. म्हणून टाळू तेलकट असली तरी टोके कोरडी राहू शकतात आणि केस तुटतो तो बहुधा वळणावर. ओला झाला की लांब वाटणारा केस वाळताना आखडतो आणि खऱ्या लांबीच्या निम्म्याहूनही आखूड दिसू शकतो. 'यांचे केस वाढतच नाहीत' हा समज यातूनच आला. केस वाढतात, पण वाढीइतकेच तुटत राहिले तर लांबी दिसत नाही.

यावरची निगा चिकाटीची आहे. रोज धुणे टाळायचे, नाहीतर आहे तो ओलावाही जातो. विंचरायचे ते कोरडे असताना नाही. पाणी आणि मऊ करणारे काहीतरी लावून, विरळ दातांच्या कंगव्याने किंवा नुसत्या बोटांनी, टोकाकडून सुरुवात करत मुळाकडे यायचे. मग शिआचे लोणी, खोबरेल किंवा एरंडेल लावून ओलावा आत कोंडायचा. केसांचे भाग पाडून पीळ घालायचे किंवा वेण्या घालायच्या, म्हणजे ते काही आठवडे हाताळावे लागत नाहीत. वेणी फार ताणून घातली तर कपाळाच्या कडेचे केस कायमचे जाण्याची भीती असते. रात्री सुती उशी ओलावा शोषते, म्हणून डोक्याला रेशमी किंवा सॅटिनचा रुमाल बांधून झोपायचे. हे सारे करायला अख्खा शनिवार किंवा रविवार जातो. मराठीत या कामाला सुरेख जोडशब्द आहे, वेणीफणी. त्यात परिणामही आहे आणि हत्यारही. इंग्रजी समीक्षेतल्या 'हेअर पॉलिटिक्स' या शब्दात फणी कुठेच नाही.

मात्र राजकारण या कामाच्या बाहेरून येऊन चिकटलेले नाही, ते या कामातच मुरलेले आहे. १७८६ साली स्पॅनिश अमलाखालच्या लुइझियानात गव्हर्नर एस्तेबान मिरो याने मुक्त कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस फडक्याखाली झाकावेत असा आदेश काढला. त्यांची केशरचना नजरेत भरते, ही त्यामागची तक्रार होती. गुलामगिरीत तर वेळ हीच मालकाची वस्तू होती, मग वेणीफणीला तास कुठून आणायचे? पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी ॲनी टर्नबो मॅलोन आणि मॅडम सी. जे. वॉकर यांनी या निगेचाच उद्योग उभारला. मॅडम वॉकर (१८६७-१९१९) मूळच्या सारा ब्रीडलव्ह, धुणे धुऊन पोट भरणाऱ्या. स्वतःचे केस गळू लागले तेव्हा त्या या व्यवसायाकडे वळल्या. आधी मॅलोन यांच्या मालाची विक्री केली, मग स्वतःचा माल काढला आणि हजारो स्त्रियांना विक्रेत्या म्हणून उभे केले. त्यांना 'केस सरळ करणाऱ्या' एवढ्या एका शिक्क्याखाली निकालात काढणे सोपे आहे. ज्या स्त्रीला मोलकरणीखेरीज दुसरे काम मिळत नव्हते तिला या धंद्याने काय दिले, हा प्रश्न मग विचारायचा राहून जातो.

कॉस्टिक सोडा, दोन अंडी, दोन बटाटे

माल्कम एक्स यांच्या आत्मकथनातला (१९६५) केस सरळ करण्याचा प्रसंग समीक्षकांचा आवडता आहे. बॉस्टनच्या रॉक्सबरी भागात नुकताच आलेला तरुण माल्कम, त्याचा मित्र शॉर्टी आणि 'काँक' नावाची केशरचना. तिचे मिश्रण घरी बनवायचे तर लागणाऱ्या वस्तूंची यादी शॉर्टी देतो. त्यात कॉस्टिक सोड्याचा डबा, दोन अंडी, दोन मध्यम बटाटे, व्हॅसलिन, साबण, दोन प्रकारचे कंगवे, रबरी नळी, रबरी एप्रन आणि हातमोजे आहेत. सोडियम हायड्रॉक्साइड केसातल्या प्रथिनांचे जोड तोडते, म्हणून केस सरळ होतो. त्वचेवर राहिले तर तेच त्वचा भाजते. माल्कमची टाळू पेटते, पाय लटपटतात. शेवटी आरशात केस गोऱ्यांसारखे दिसतात आणि तो खूश होतो. पुढे आत्मकथनकार या क्षणाला स्वतःच्या अधःपतनाची पहिली मोठी पायरी ठरवतो.

समीक्षा या निवाड्यापाशी थांबते. मी यादीपाशी थांबते. पश्चात्तापच सांगायचा होता तर दोन ओळी पुरल्या असत्या. पण निवेदकाला वर्षांनंतरही बटाट्यांची संख्या आठवते, बरणी हाताला गरम लागली होती हे आठवते. शॉर्टी आधीच बजावतो की फार जळेल, पण जितका वेळ सोसशील तितके केस सरळ होतील. तो मानेला आणि कानांना व्हॅसलिन फासतो, पुनःपुन्हा पाणी मारून सोड्याचा अंश धुऊन काढतो, कुठे अजून चुरचुरते आहे का ते विचारतो. न्हाव्याला द्यावे लागणारे पैसे मित्राचे वाचावेत म्हणून हा सारा खटाटोप आहे. म्हणजे या प्रसंगात दोन मजकूर एकमेकांवर लिहिलेले आहेत. वरचा मजकूर धर्मांतरानंतरच्या माणसाचा, स्वतःला दोष देणारा. खालचा आहे परक्या शहरात आलेल्या पोराचे डोके एका मित्राने किती काळजीने हाताळले त्याचा. वरच्या मजकुराने खालचा पुसून टाकलेला नाही. म्हणूनच हा प्रसंग प्रचार न होता साहित्य झाला आहे.

स्वयंपाकघर आणि पार्लर

हाच दुपेडीपणा बेल हुक्स यांनी १९८८ च्या एका निबंधात जाणीवपूर्वक हाताळला. केस सरळ करण्यामागे वर्णवर्चस्वाची सत्ता आहे, हे त्या स्पष्ट सांगतात. पण निबंध सुरू होतो तो शनिवारच्या स्वयंपाकघरात. चुलीवर तापलेला लोखंडी कंगवा, जळक्या तेलाचा आणि केसांचा वास, त्यात मिसळलेला स्वयंपाकाचा वास, आपली पाळी येण्याची वाट पाहणाऱ्या बहिणी, आणि पुरुष नसलेली ती खोली. या खोलीत मुलगी बाई होत होती, बायका एकमेकींना सुखदुःख सांगत होत्या. हुक्स यांची कोंडी अशी की ज्या कृतीला विचाराने नाकारायचे तिच्याच पोटात जिव्हाळा होता. ही कोंडी त्या सोडवून टाकत नाहीत. घरातली ती बैठक मोडून रसायनाची बाटली आणि एकेकटीने घेतलेली भेटीची वेळ आली तेव्हा काय गमावले, याचाही हिशेब त्या मांडतात.

पार्लरचे चित्र ग्वेंडोलिन ब्रुक्स यांच्या 'मॉड मार्था' (१९५३) या छोट्या कादंबरीत आहे. शिकागोच्या वस्तीतले सोनिया जॉन्सनचे पार्लर. मॉड मार्था तिथे केस करून घ्यायला आलेली आहे. लिपस्टिक विकणारी एक गोरी बाई येते आणि आपण किती राबतो हे सांगताना सहज बोलून जाते ती कृष्णवर्णीयांसाठी वापरली जाणारी शिवी. सोनिया काही बोलत नाही. मॉड मार्थाला आधी वाटते, आपण चुकीचे ऐकले; असे असते तर सोनिया गप्प बसलीच नसती. बाई गेल्यावर सोनियाचे म्हणणे कळते : अशा शब्दांवर दरवेळी भडकण्यात अर्थ नाही. मॉड मार्था तिच्याकडे पाहत राहते.

या प्रकरणात केसांवर भाष्य जवळपास नाहीच. पण प्रसंग पार्लरमध्येच का घडतो? कारण ही जागा कृष्णवर्णीय स्त्रीच्या मालकीची आहे. तिथे शिवी ऐकावी लागणार नाही असा भरवसा आहे. आणि तो भरवसा धंद्याच्या एका व्यवहारात मोडतो. जिच्या हाती आपण डोके दिले ती आपल्या बाजूने बोलली नाही. ब्रुक्स यांनी अपमान शिवीत ठेवला नाही, त्या गप्प बसण्यात ठेवला. केसांना प्रतीक समजून वाचणाऱ्याला या प्रकरणात काहीच सापडणार नाही. हातांकडे पाहणाऱ्याला सगळे सापडेल.

कंगवा घेऊन आलेला पुरुष

झोरा नील हर्स्टन यांच्या 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' (१९३७) मधील जेनीचे केस हा तर प्रबंधांचा विषय. दुसरा नवरा जो स्टार्क्स याला दिसते की दुकानात एक पुरुष मागे उभा राहून तिच्या वेणीच्या टोकावरून हलकेच हात फिरवतो आहे. तेव्हापासून तिने दुकानात डोके फडक्याने बांधले पाहिजे, अशी त्याची सक्ती. जो मरतो, आणि जेनी ती फडकी जाळते. एकच जाड वेणी पाठीवर सोडून हिंडू लागते. हे प्रतीक इतके ठळक आहे की त्यावर वेगळे लिहायला नको. मला त्यापुढचा प्रसंग जास्त मोलाचा वाटतो. टी केक हा तिच्याहून वयाने लहान प्रियकर घरी आलेला आहे. जेनीला डुलकी लागते. जाग येते तेव्हा तो तिचे केस विंचरतो आहे, टाळूतला कोंडा खरवडून काढतो आहे. कंगवा तो स्वतःच सोबत घेऊन आला आहे.

प्रेमाच्या प्रसंगात कोंडा आणण्याचे धाडस किती लेखकांनी केले असेल? जोने जेनीचे केस मालमत्ता म्हणून झाकले, दुकानातल्या पुरुषाने चोरून शिवले, आणि टी केक त्यांची निगा राखतो. हर्स्टन यांनी तीन पुरुषांचे तीन स्पर्श समोरासमोर ठेवले आहेत आणि त्यांतला फरक केसांच्या सौंदर्यावर ठरत नाही, कामावर ठरतो.

तरीही या कादंबरीची एक मर्यादा नोंदवलीच पाहिजे. जेनीचे केस लांब आहेत, पाठीवर रुळणारे आहेत. तिच्या आजीवर मालकाने लादलेल्या संबंधाची ती खूण आहे. कादंबरीतली मिसेस टर्नर नेमक्या याच गोरेपणाच्या अंशासाठी जेनीची मैत्री शोधते. हर्स्टन मिसेस टर्नरची टर उडवतात, पण वाचकालाही त्या रुळणाऱ्या वेणीचेच कौतुक करायला लावतात. विंचरण्याचा एवढा कोवळा प्रसंग या साहित्याला मिळाला तो सहज विंचरता येणाऱ्या केसांच्या वाट्याला. वेटोळ्या केसांना तो मान मिळायला आणखी काही दशके जावी लागली.

पायलटने केस कापले त्याचे कारण

टोनी मॉरिसन यांना ही गोष्ट ठाऊक होती. 'द ब्लूएस्ट आय' (१९७०) मधील जेराल्डिन आणि तिच्यासारख्या सभ्य, नीटनेटक्या स्त्रियांचे वर्णन करताना त्या एक तपशील टिपतात : या स्त्रियांना केसांच्या कडांची सतत काळजी असते. डोक्यावरचे केस सरळ केले तरी कपाळाच्या आणि मानेच्या कडेला घामाने मूळचे वेटोळे पुन्हा डोके वर काढते. हा तपशील ज्याने तो रुमाल बांधला आहे, तो घाम पुसला आहे, त्यालाच सुचेल. एका शब्दात मॉरिसन यांनी आयुष्यभराची पहाऱ्याची नोकरी सांगितली आहे.

'साँग ऑफ सॉलोमन' (१९७७) मध्ये हा विषय शोकांतिकेपर्यंत जातो. मिल्कमनने टाकून दिलेल्या हेगारची समजूत होते की त्याला रेशमी, तांबूस केस आवडतात. ती आजारातून उठते आणि वेड्यासारखी खरेदी करत सुटते, केस करून घेण्याची वेळ ठरवते. पण पावसात पिशव्या फाटतात, सगळे भिजते. घरी येऊन ती भिजक्या कपड्यांत, फासटलेल्या रंगांत आजीसमोर आणि आईसमोर उभी राहते. नंतर तापाने मरते. तापात ती आजी पायलटला विचारते की त्याला माझे केस का आवडत नाहीत. पायलट तिच्या डोक्यावरून हात फिरवत समजावते, की हे तर त्याच्याच अंगावर उगवणारे केस आहेत, ते त्याला न आवडून कसे चालेल. हा युक्तिवाद बिनतोड आहे आणि निरुपयोगी आहे. हेगार तो ऐकत नाही. 'आपले केस सुंदर आहेत' हे विधान खरे असूनही त्याने माणूस वाचत नाही, हे मॉरिसन यांच्याइतके निर्दयपणे दुसऱ्या कोणी लिहिलेले मला आढळले नाही.

पण याच कादंबरीत बरेच आधी एक लहानसे वाक्य येऊन गेलेले असते. तरुण पायलट जेव्हा ठरवते की यापुढे आपण आपल्या मनाने जगायचे, तेव्हा ती सर्वांत आधी केस कापून टाकते. कारण एवढेच, की तिला त्या एका गोष्टीचा विचार करायचा नव्हता. यात बंडाची घोषणा नाही. तिला आपले तास परत हवे आहेत. हेगारचा सारा वेळ केसांनी खाल्ला आणि पायलटने तो मुळातच दिला नाही. दोघी एकाच घरात राहतात. शेवटाकडे पायलट मिल्कमनच्या हाती हेगारच्या केसांची पेटी देते. ज्याने हे केस कधी निरखून पाहिले नाहीत त्याला आता ते सांभाळायचे आहेत. निगेचे काम अखेर ज्याच्याकडे जायला हवे होते त्याच्याकडे जाते, पण फार उशिरा.

ट्रेंटनचे दुकान

चिमामांडा न्गोझी अडिची यांच्या 'अमेरिकाना' (२०१३) मध्ये केस हा कादंबरीचा सांगाडाच आहे. नायजेरियाहून आलेली इफेमेलू प्रिन्स्टनला राहते, पण तिथे वेण्या घालून देणारे कोणी नाही. म्हणून गाडीने ट्रेंटनला जाते. दुकानात पंखे आणि उकाडा. वेण्या घालणारी आयशा सेनेगलची. वेण्या पुऱ्या होईपर्यंत कादंबरीतली कितीतरी वर्षे आठवणींतून उलगडतात. वेणीफणीला लागणारा वेळ हाच कथनाचा वेळ करण्याची ही युक्ती मोठी आहे.

इफेमेलूने पूर्वी नोकरीच्या मुलाखतीसाठी रसायनाने केस सरळ केले होते, टाळू भाजली होती, केस गळू लागले होते. मग तिने ते कापले आणि आपल्या मूळच्या केसांवर प्रेम करायला शिकली. 'नैसर्गिक केस' या चळवळीची नायिका म्हणून तिचा जयजयकार होतो तो या भागामुळे. मला हा भाग कादंबरीतला कमजोर भाग वाटतो. परिवर्तन लवकर होते आणि बरेचसे भाषणातून होते. दुकानातला भाग मात्र बारकाईने पाहिलेला आहे. आयशा तिला विचारते, केस सरळ का करत नाहीस, विंचरणे किती कठीण. इफेमेलू कंगवा घेऊन दाखवते की ओलावा दिला तर कठीण नाही. आयशाला पटत नाही. जोडायच्या खोट्या केसांच्या रंगावरूनही दोघींचे जमत नाही. 'नैसर्गिक' केसांची ही अभिमानी स्त्री कृत्रिम केस जोडूनच मायदेशी जाणार आहे, हेही अडिची न लपवता दाखवतात. निसर्ग आणि कृत्रिमता यांची सरळ फाळणी या डोक्यावर चालत नाही.

आणि मुख्य म्हणजे आयशा. इफेमेलूला विद्यापीठाची शिष्यवृत्ती आहे. आयशाकडे कागदपत्रेही नाहीत. वडील वारले तेव्हा ती गावी जाऊ शकली नाही, कारण गेली असती तर परत येता आले नसते. ज्या इग्बो पुरुषाशी तिला लग्न करायचे आहे त्याच्याशी बोल, असे ती इफेमेलूला विनवते. चिडचिड आवरत अखेर इफेमेलू कबूल होते. तेवढ्यात फोन येतो, घरची भयंकर बातमी कळते, आणि आयशा कादंबरीतून नाहीशी होते. हे अडिची यांचे भान आहे की अनवधान? मी पुन्हापुन्हा वाचून या मतावर आले आहे की दोन्ही आहे. कादंबरीला आयशाचे हात दिसतात, पण त्या हातांमागचे आयुष्य कादंबरीला पेलवत नाही. एका स्त्रीच्या केसांची अस्मिता दुसऱ्या स्त्रीच्या अवघडलेल्या बोटांवर उभी असते, हे सत्य 'अमेरिकाना' आपल्याला दाखवते आणि मग आपल्यासारखीच घाईने पुढे जाते.

मराठीतून वाचताना

हे साहित्य मराठी वाचकाला परके नाही. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' या ग्रंथाने या साहित्याचा सविस्तर परिचय करून दिला. दलित साहित्याच्या चर्चेत कृष्णवर्णीय साहित्याचा दाखला सतत दिला गेला. हे नाते खरे होते आणि त्याने दोन्हीकडच्या वेदनेला भाषा दिली. पण त्या देवघेवीत घोषणा आधी आल्या, आत्मकथने आणि कविता आल्या. स्वयंपाकघरातला तापलेला कंगवा मागे राहिला. दुसऱ्याचे दुःख आपल्या दुःखाचे रूपक म्हणून वाचले की त्याचे तपशील गळतात. केस हा असाच गळालेला तपशील आहे.

भाषेचीही अडचण आहे. 'कुरळे केस' हे मराठीत कौतुक आहे. कपाळावरच्या कुरळ्या बटा नायिकेला शोभतात. ज्या केसांसाठी इंग्रजीत शतकानुशतके हेटाळणीचे शब्द वापरले गेले आणि पुढे त्याच लोकांनी ते शब्द अभिमानाने उचलले, त्या केसांना 'कुरळे' म्हटले की हेटाळणीही जाते आणि अभिमानही जातो. 'ड्रेडलॉक्स'ला 'जट' म्हणावे तर त्याहून मोठा घोटाळा. आपल्याकडे जट म्हणजे देवीचे येणे. तिला कंगवा लावायचा नाही, कापायची नाही. त्या भीतीखाली कितीतरी स्त्रियांनी मानेवर ओझे वागवले. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांना जट सोडवण्यासाठी आधी घरच्यांचे मन वळवावे लागते. आफ्रिकी वंशाच्या स्त्रीचे ड्रेडलॉक्स मात्र बहुधा निगेतून घडतात. धुवावे, वळावे, तेल लावावे लागते. कवयित्री ऑड्रे लॉर्ड यांना याच केसांमुळे ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर उतरताना अडवण्यात आले होते, आणि त्यांनी त्यावर १९९० मध्ये निबंध लिहिला. तिथे त्यांच्या केसांमागे रास्ताफारी पंथ असेल असा संशय होता. त्या निबंधात 'जट' शब्द घातला तर मराठी वाचक लॉर्ड यांच्या डोक्यावर देवी बसवील. अनुवादकाने इथे 'वळलेले केस' असे साधे वर्णन करावे, आणि ते वळायला कोणाचे हात लागले हे मूळ मजकुरात असेल तर ते गाळू नये.

एक आक्षेप मला अपेक्षित आहे. २०१६ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या मुलींच्या शाळेत कृष्णवर्णीय विद्यार्थिनींना आपल्या केसांसाठी आंदोलन करावे लागले. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाला केसांवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा करावा लागला. अशा काळात केस प्रतीक मानू नका, असे म्हणणे म्हणजे राजकारण काढून घेणे नाही का? मला उलट वाटते. शाळेचा नियम मुलीच्या डोक्यावर जातो तेव्हा तो तिच्या आईच्या रविवारवरही जातो. आईने तासन्‌तास बसून घातलेल्या वेण्या 'अव्यवस्थित' ठरवल्या जातात. तिचे काम हे काम म्हणून मोजलेच जात नाही. अपमान तिथे आहे. केशरचनेचे रक्षण कायदा करू शकतो. त्या केशरचनेत किती तास गेले आणि कोणाचे, याची नोंद साहित्यच ठेवू शकते. हर्स्टन, ब्रुक्स, हुक्स आणि मॉरिसन यांनी ती ठेवली आहे, अडिची यांनी अर्धी ठेवली आहे. या पुस्तकांचे मराठी अनुवाद करताना किंवा त्यांवर लिहिताना टी केकच्या हातातला कंगवा आणि आयशाची बोटे 'अस्मिता' या एका शब्दात गुंडाळली गेली नाहीत, तर मराठी वाचकाला या स्त्रिया अधिक जवळून दिसतील. वेणीफणीला किती वेळ लागतो हे त्याच्या घरातल्या बायकांना आधीपासूनच ठाऊक आहे.